पंचाहत्तरीतला श्रीगणेशा



पंचाहत्तरीत माणसानं काय काय करू नये याची यादी आमच्या घरात तयार आहे आणि ती सौभाग्यवतींना तोंडपाठ आहे. झाडावर चढू नये, शेताच्या बांधावरून कुणाशी वाद घालू नये, दुसऱ्याच्या घरी जाऊन साखरेचा चहा पिऊ नये... या यादीत 'लिहू नये' हे मात्र नव्हतं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मी लिहायला बसलो तेव्हा तिला पटकन आक्षेप घेता आला नाही. "लिहा की. नाहीतरी दिवसभर बोलताच, तेवढं तरी कमी होईल," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून, "माझ्याविषयी काही लिहिलं तर आधी मला दाखवायचं." ही अट मी मान्य केली आहे. (वरच्या ओळी दाखवून झाल्या आहेत. 'तोंडपाठ' हा शब्द तिला पसंत नाही, पण चालवून घेतला.)

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला लिहिण्याचं काय अप्रूप? लिहिणं मला नवीन नाही हे खरं आहे. १९७२ साली मी तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठातून बी. ए. झालो, मराठी माध्यमातून. पदवी हातात आली आणि दुष्काळ दारात आला. नोकरी कुठली मिळायला! दुष्काळी कामावर मस्टर लिहायला लागलो. खडी फोडणारी माणसं, पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि पुढे हजेरीची रेघ. सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाऊन लोक दिवस काढत होते. ओळखीची माणसं समोर पाटी घेऊन उभी राहायची आणि नाव सांगताना खाली बघायची. माझ्या मस्टरमध्ये यातलं काही नाही. मस्टरनं ते विचारलेलंच नव्हतं.

पुढे १९७४ पासून २००८ पर्यंत नोकरी केली, बहुतेक सगळी धारूर आणि केज तालुक्यांत. या चौतीस वर्षांत मी जे लिहिलं त्याची चळत लावली तर माझ्या उंचीची होईल. हजेरीपट, टाचणवह्या, शाळा सोडल्याचे दाखले, जनगणनेचे तक्ते, मतदारयाद्या, शेवटी शेवटी खिचडीच्या तांदळाचा हिशेब. गावातल्या लोकांचे अर्ज तर किती! विहिरीसाठी, कर्जासाठी, पोराच्या दाखल्यासाठी, भावकीच्या तक्रारीसाठी. दुसऱ्याचं दुःख 'मे. साहेबांच्या सेवेशी' घालण्यात माझा हातखंडा होता. पण एवढ्या सगळ्या कागदांत 'मी' हा शब्द यायचा तो फक्त किरकोळ रजेच्या अर्जात.

आणि शाळेतल्या निबंधांची गंमत बघा. नदीचं आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचं मनोगत, शेतकऱ्याची कैफियत. छत्रीपासून वडाच्या झाडापर्यंत सगळ्यांना आपण बोलतं केलं. फक्त वर्गात बसलेल्या लेकराला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझं आत्मवृत्त काय? दोष कुणा एकाचा नाही, रीतच तशी होती आणि परीक्षेला तेच विचारायचे. फडके, खांडेकर, काणेकर यांनी आपल्याकडे लघुनिबंध रुजवला, त्यात लेखक ऐसपैस बसून स्वतःविषयी बोलतो, हे आम्हाला बी. ए. ला शिकवलं होतं. पण ते मोठ्या लेखकांचं काम, अशी सगळ्यांचीच समजूत.

एकदा, १९९४-९५ च्या सुमारास, धारूरच्या डोंगरातल्या एका वस्तीवरच्या शाळेत चौथीच्या वर्गाला मी फळ्यावर विषय लिहून दिला होता : 'काल रात्री घरी काय शिजलं?' पोरं आधी हसली. मग पाट्या-वह्यांत डोकी घालून बसली. एका पोरानं चारच ओळी लिहिल्या. काल आई भाकर केली आणि ठेचा केली. दादा दुसरी भाकर मागितला. आई म्हणाली मला भूक नाही. मला माहीत आहे तिला भूक होती.

त्याच्या व्याकरणाला मी हात लावला नाही. आमच्याकडे 'आई भाकर केली' असंच म्हणतात. ते पोरगं पुढे परत येणार आहे, म्हणून इथं सांगून ठेवलं.

*

तर आत्ताच लिहायला का बसलो? कारण हात गेला.

म्हणजे आहे जागेवर, पण चार वर्षांपासून उजव्या हाताला कंप सुटला आहे. गोळ्या चालू आहेत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्याचं काही वाटत नाही. वाईट वाटलं ते पेन्शनच्या बँकेत. खिडकीतल्या मुलानं माझी सही तीनदा करून घेतली आणि तिन्ही वेळा "काका, जुळत नाही" म्हणाला. शेवटी शाईचा पॅड पुढे सरकवला. मंडळी, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. त्यानंतरच्या साक्षरता मोहिमेत मी दोन वर्षं रात्री कंदील घेऊन वस्त्यांवर जात होतो. साठीच्या म्हाताऱ्यांचा हात हातात धरून त्यांना नाव गिरवायला शिकवलं. 'अंगठा सोडा, सही करा' ही घोषणा भिंतीवर गेरूनं मी स्वतः लिहिली आहे. आणि आता पंचाहत्तरीला मी अंगठा देतो! त्या म्हाताऱ्यांपैकी कुणी आज असतं तर पोट धरून हसलं असतं.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. अक्षर बघत बसलो. फळ्यावरचं माझं अक्षर बघायला दुसऱ्या शाळेचे शिक्षक येत असत. (हे मी सांगतोय म्हणून खोटं समजू नका.) आता खडू धरला तर फळाच थरथरेल.

माझी नात पुण्याला शिकते. तिला हे सगळं सांगितलं नव्हतं, तिच्या आजीनं सांगितलं असणार. सुट्टीत आली आणि माझ्या मोबाईलमध्ये मराठी कळफलक बसवून दिला. "आजोबा, इथं बोट टेकवा, उचला. हात हलला तरी अक्षर हलत नाही." मी बोट टेकवलं. 'अ' उमटला. छापल्यासारखा, सरळ, ठाम. बोट थरथरत होतं आणि 'अ' स्थिर होता. मी तो किती वेळ बघत बसलो हे सांगत नाही.

सुरुवातीला दिवसाला चार ओळी व्हायच्या. बोट 'क' वर ठेवावं तर शेजारचा 'ख' उमटे. नातीनं बोलून टंकायची सोय पण दाखवली, पण तिचं आणि माझं जमेना. यंत्राला पुण्याची मराठी येते, बालाघाटची येत नाही. मी उसाचे 'वाढे' म्हणालो की ते 'वाडे' लिहितं. खरी कुस्ती झाली ती अर्ध्या 'र'शी. 'बालाघाटच्या दऱ्या' लिहायचं तर यंत्र लिही 'बालाघाटच्या दर्या'. डोंगराला समुद्र लागला! बीड जिल्ह्यात प्यायला पाणी नाही आणि माझ्या लेखात दर्या उसळतोय. तो नुक्त्याचा 'ऱ' कुठे दडला आहे हे सापडायला मला आठ दिवस लागले. कळफलकावर 'र' दाबून धरला की मिळाला. तुमच्या मोबाईलवर कदाचित दुसरीकडे असेल, पण शोधा. तो आहे. मराठीला तो लागतोच.

आजच्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका संगणकावर टंकलेलं मराठी दुसऱ्यावर उघडलं की नुसते चौकोन आणि चिन्हं दिसायची. ज्याचा फॉन्ट वेगळा त्याची मराठी वेगळी, असा प्रकार. तरीही लोक थांबले नाहीत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९९६ मध्ये मायबोली सुरू केली, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि युनिकोड रुळल्यावर तर ज्यांचा छापील जगाशी संबंध नव्हता अशी माणसं जालावर स्वतःविषयी लिहायला लागली. कुणी इंजिनिअर, कुणी गृहिणी, कुणी बोटीवर नोकरी करणारा. ब्लॉगला त्यांनी 'अनुदिनी' असा गोड शब्द शोधला होता. समर्थांच्या करुणाष्टकांमुळे तो आपल्या कानात होताच. हल्ली कुणी वापरत नाही. मला 'ब्लॉग'पेक्षा तो बरा वाटतो, पण दिवसाआड चार ओळी लिहिणाऱ्यानं 'अनुदिनी' म्हणायचं म्हणजे जरा जास्तच. असो.

*

यंत्र जमलं. आता लिहायचं काय?

इथं खरी अडचण आली. पहिल्या दिवशी सुचलं ते असं : 'माझा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला.' हे वाक्य मी कितीतरी सत्कार समारंभांत ऐकलेलं आहे आणि त्यानंतर काय येतं हेही मला माहीत आहे. ते ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं, 'शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे.' तेही ठेवलं नाही. पांढऱ्या पडद्यासमोर बसलं की माणसाला आधी दुसऱ्यांचीच वाक्यं आठवतात. आपली वाक्यं लाजरी असतात, कुडाच्या मागं उभी राहतात.

मी राहतो अंबाजोगाईला. म्हणजे लिहिणाऱ्यानं हातपाय गाळावेत असं गाव नव्हे! शके १११० म्हणजे ११८८ साली मुकुंदराजांनी विवेकसिंधू लिहिला, तो मराठीतला आद्य ग्रंथ मानतात, आणि त्यांची समाधी आमच्या गावाबाहेर दरीकाठी आहे. (विदर्भातली मंडळी आंभोऱ्याचा दावा सांगतात. सांगोत बिचारे.) मराठीत लिहिलंय म्हणून ग्रंथाला कमी लेखू नका, असं त्यांना सुरुवातीलाच वाचकाला समजवावं लागलं. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मला पहिल्यांदा त्या समजावणीची आठवण झाली. सव्वाआठशे वर्षं लागली म्हणायची.

पण माझा जीव जास्त रमतो तो दासोपंतांत. १५५१ चा जन्म, १६१५ च्या सुमारास देह ठेवला, तोही इथंच. गीतेवर त्यांनी गीतार्णव लिहिला त्याच्याच सव्वा लाख ओव्या सांगतात. रोज ढबू पैशाची शाई लागायची अशी आख्यायिका गावात अजून सांगतात. आणि त्यांची पासोडी! पासोडी म्हणजे जाड पांघरूण हो, थंडीत अंगावर घ्यायचं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा खादीच्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहून काढला. ती गावात जपून ठेवलेली आहे. त्यातलं तत्त्वज्ञान समजायला माझी मती थोडी पडते. पण एखाद्या माणसाला लिहायला बसावं आणि कागद पुरू नये, मग त्यानं अंथरूण-पांघरुणाचं कापड पसरावं, हा जो हट्ट आहे तो मला समजतो. लिहिणाऱ्याला जे हाताशी असेल त्यावर लिहायचं असतं. त्यांच्याकडे कापड होतं, माझ्याकडे नातीनं दिलेला मोबाईल आहे.

माझ्या वडिलांकडे एक लांबट वही होती. ते निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे उर्दू चांगलं आणि मराठी थोडं मोडीत, थोडं बालबोधीत. वर्षाला पान-दीड पान भरायचं. 'मृग कोरडा.' 'गाय व्याली, कालवड.' 'हस्त पडला, विहिरीत दोन परस पाणी.' माझ्या जन्माच्या वर्षाचं पान मी हौसेनं शोधलं. त्यात ज्वारीचा भाव आहे, मी नाही. रागावलो नाही मी. त्यांनी ती वही कुणी वाचावी म्हणून लिहिलीच नव्हती, मग पोराचा जन्म कशाला लिहितील? तो त्यांना माहीतच होता की.

हेच मला या दोन-तीन महिन्यांत उमगलं. विषय, भाषा, शैली हे सगळं नंतर. आधी समोर कोणीतरी पाहिजे, ज्याला ही गोष्ट माहीत नाही आणि ज्याला ती सांगावीशी वाटते. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. १८६८ चा जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवरा रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला म्हटलं की तुझ्या आठवणी लिहून दे. बाईंनी लिहायला घेतल्या त्या मुलासाठी. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, बाई तेव्हा पासष्ट ओलांडलेल्या! मराठीतलं पहिल्या पंक्तीचं आत्मचरित्र, आणि ते चरित्राचं कच्चं सामान म्हणून सुरू झालेलं. बाई मुलाला सांगत बसल्या म्हणून ते पुस्तक बोलतं. व्यासपीठावरून सांगायला गेल्या असत्या तर दोन पानांत आटोपलं असतं, असं माझं मत आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांची तऱ्हा याच्या उलट. दुकानात बसून चोरून लिहायचं, घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायचं, आणि 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं ते १९८६ मध्ये. समोर कोणी नसताना इतकी वर्षं लिहीत राहणं... त्यांच्या पुढे मी हात जोडतो. माझ्यात ती धमक नाही. मला ऐकणारा लागतो.

*

म्हणून मी हजेरीपटांविषयी लिहिलं, आणि ते ज्याला माहीत आहे असं वाटत होतं त्यालाच पाठवलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जोडपी ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे दहा-बारा कोयते मिळून टोळी. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, खाली कर्नाटकात बेळगावपर्यंत. येतात ते मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर. लहान लेकरं बरोबर जातात. गावात आजी असेल, नाहीतर शाळेचं हंगामी वसतिगृह चालू असेल, तर काही मागं राहतात. माझ्या काळात बहुतेक जायचीच.

मी लिहिलं ते एवढंच की दिवाळीनंतर शाळा उघडायची आणि अठ्ठावीसांच्या वर्गात नऊ जण असायचे. हजेरी घेताना मी सगळी नावं वाचायचो. नियम म्हणून नव्हे. ती नावं रोज एकदा त्या खोलीत उच्चारली जावीत असं वाटायचं. नाव घ्यायचं, थांबायचं, आणि चौकटीत 'गै' लिहायचं. मार्चपर्यंत 'गै'चीच रांग. जूनमध्ये ती लेकरं परत यायची तेव्हा अर्धी अक्षरं सांडलेली असायची. काही यायचीच नाहीत.

ते चार ओळींचं पोरगं आता चाळिशीचं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आज ट्रॅक्टरवर ऊस वाहतो. दोन वर्षांपूर्वी बसस्टँडवर भेटला होता, पाया पडला, नंबर दिला. त्याची मुलगी नववीला आहे, गावी आजीजवळ राहते. तिला मी ते लिखाण पाठवलं आणि तिनं बापाला फोनवर वाचून दाखवलं.

रात्री दहाला त्याचा फोन आला.

"गुरुजी, झोपला नाय न्हवं?"

"नाही, बोल."

"पोरीनं वाचून दावलं. तुमी लिवलंय ते समदं खरंय. माजं नाव घ्यायचा ते बी मला ठाव नव्हतं." मग बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. "पर गुरुजी, आमी गैरहजर कुठं व्हतो? तिकडं हजरच व्हतो की."

मी काही बोललो नाही. तोच बोलत राहिला. असं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शाळेत तो मुकाच असायचा. पहाटे तीनला थंडीत पाचट पेटवून शेकायचं. आईबाप फडात गेले की बहिणीला कोपीत सांभाळायचं. तिची झोळी गाडीच्या दांडीला बांधलेली. दुपारी वाढे बांधायचे. आणि संध्याकाळी बापाबरोबर गाडीवर बसून कारखान्याच्या काट्यावर जायचं. "तिथं पावती भेटायची गुरुजी, वजनाची. बापाला आकडा येत नव्हता, टोळीत कुणालाच येत नव्हता. तुमी चौथीत अपूर्णांक शिकवलाता, दिवाळीच्या आदी. मी वाचायचो. आख्ख्या टोळीच्या पावत्या मी वाचायचो. मुकादम बी मग जरा दमानं बोलायचा."

मला खाटेवरून उठून बसावं लागलं.

"आन त्या पावतीच्या मागं कोरं असायचं," तो म्हणाला, "तिथं लिवायचो."

"काय लिहायचास?"

"तुमी लिवायला लावलंतं तसंच. आज काय शिजलं. आज गाडी पलटी झाली. आज बहिणीला ताप. पेन्शिलीचा तुकडा व्हता एक, बापाच्या पटक्यात ठिवायचो."

मी विचारलं, त्या पावत्या आहेत का रे? माझा आवाज बदलला असावा, कारण तो हसला. "कशाच्या राहत्यात गुरुजी! पट्टा पडला, हिशेब झाला, आईनं चूल पेटवली त्यानं. ओलं जळण व्हतं."

म्हणजे बघा मंडळी. मी इकडे वर्गात 'गै' लिहीत होतो आणि तिकडे दोनशे मैलांवर, उसाच्या फडाच्या कडेला, नऊ-दहा वर्षांचं पोरगं वजनाच्या पावतीमागं आपली अनुदिनी लिहीत होतं. कुणी तपासणारं नाही, कुणी वाचणारं नाही. दासोपंतांचं कापड राहिलं, याच्या पावत्या चुलीत गेल्या. गोष्ट संपली असं मला वाटलं होतं, पण तो पुढे म्हणाला, "मला समदं पाठ हाय. तुमच्याकडं अर्धं हाय, अर्धं माज्याकडं. तुमी लिवा, मी सांगतो."

तेव्हापासून हे असं चाललं आहे. तो ट्रॅक्टर थांबला की मोबाईलवर बोलून पाठवतो, कधी दोन मिनिटं, कधी दहा. मागं कुत्री, बाया, काट्यावरचा भोंगा. मी सकाळी ऐकतो आणि एका बोटानं उतरवून घेतो. त्याचे शब्द बदलत नाही. 'पाचट', 'कोपी', 'बांडी' हे शब्द यंत्राला येत नाहीत, तर एकेक अक्षर बसवतो. उतरवलेलं त्याच्या मुलीला पाठवतो, ती वाचून दाखवते, आणि तो तिच्याकडून दुरुस्त्या पाठवतो. कडक परीक्षक आहे. मी एकदा 'पहाटेच्या नीरव शांततेत' असं लिहिलं तर निरोप आला, "पप्पा म्हणतेत, फडात पहाटं लय गोंधळ असतो."

नावाचा प्रश्न निघाला. मी म्हटलं, तुझं नाव घालू का? नको म्हणाला. लाज म्हणून नव्हे. त्याच्या बापानं कोणत्या वर्षी किती उचल घेतली, कोणता मुकादम काय बोलला, हे त्यात येणार, आणि त्यातली काही माणसं अजून त्याच गावात आहेत, त्याच टोळीत आहेत. लिहिणारा पेन्शन घेऊन घरात बसतो, सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. नव्यानं लिहिणाऱ्या कुणाला माझं ऐकायचं असेल तर एवढं ऐका. आपली गोष्ट म्हणून आपण जी सांगतो तिच्यात दुसऱ्यांची बरीच असते, त्यांना आधी विचारा. आमच्या घरात ही अट माझ्या आधीच कुणीतरी घातली होती, ते वर आलंच आहे.

बहिणीला ताप आला होता त्या रात्रीचं अजून त्यानं सांगितलेलं नाही. दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा "आता गाडी लागली काट्याला" म्हणून थांबवलं. मी विचारत नाही. त्या पोरीचं नाव माझ्या पहिलीच्या पटावर कधी चढलं नाही, एवढं मला आठवतं.

या वर्षी त्याची टोळी निपाणीच्या बाजूला आहे. काल मुलीचा निरोप आला की ट्रॅक्टरचं टायर गेलंय, दोन दिवस फडातच मुक्काम आहे, रात्री मोकळा असेन. मोबाईल चार्जिंगला लावून ठेवला आहे.